अ‍ॅसायक्लोव्हिर लागू पडेनासे झाले, म्हणजे विषाणू निर्ढावला का?

तुम्ही लिहिलेली हकिगत थोडक्यात अशी. वय ३१, राहणार घणसोली, महापे येथील कंपनीत बहुतेक रात्रपाळी. चार वर्षांपूर्वी शिश्नाच्या पुढच्या भागावर बारीक पाणीदार फोडांचा पुंजका उठला, त्वचारोगतज्ज्ञांनी तपासून हर्पिस असल्याचे सांगितले आणि अ‍ॅसायक्लोव्हिरच्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या. तेव्हापासून वर्षातून सहा-सात वेळा तसाच त्रास होतो आणि दर वेळी तुम्ही जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून त्याच गोळ्या आणता. पहिली तीन वर्षे जखमा चार-पाच दिवसांत सुकत. गेल्या दोन खेपांना मात्र बारा-बारा दिवस लागले आणि शेवटच्या वेळी जागेवर काळपट डाग राहिला. मध्यंतरी रक्ततपासणीत आयजीजीची पातळी पूर्वीपेक्षा वाढलेली आली. मेडिकलवाल्यांनी 'विषाणू या औषधाला सरावला आहे, आता व्हॅलासायक्लोव्हिर घ्या' असे सुचवले. पुढच्या वर्षी लग्न ठरले आहे. म्हणून विषाणू खरोखरच औषधाला दाद देईनासा झाला आहे का, आणि तसे असेल तर पुढची गोळी कोणती, असे तुम्ही विचारले आहे.

या प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. आजार पुन्हापुन्हा होतो ही एक, आणि औषध पूर्वीसारखे काम करत नाही ही दुसरी. पहिल्या तक्रारीचा औषधप्रतिकाराशी काहीही संबंध नाही. हर्पिसचा विषाणू एकदा शरीरात शिरला की कमरेखालच्या मज्जातंतूंच्या मुळाशी असलेल्या गाठींमध्ये निद्रिस्त राहतो आणि अधूनमधून जागा होऊन त्वचेपर्यंत येतो. आपली सर्व औषधे वाढत असलेल्या विषाणूवरच चालतात, झोपलेल्या विषाणूला ती स्पर्शही करू शकत नाहीत. त्यामुळे गोळ्यांचा कोर्स कितीही नीट पूर्ण केला तरी आजार पुन्हा उठू शकतो, आणि तो उठला म्हणजे औषध हरले असे होत नाही.

दुसऱ्या तक्रारीबद्दल मात्र तपासल्याशिवाय ठाम बोलता येणार नाही, कारण ते तुमच्या प्रतिकारशक्तीवर, तुम्ही गोळी नेमकी कोणत्या तासाला सुरू करता त्यावर, आणि गेल्या दोन खेपांना झालेला आजार हर्पिसच होता का यावर अवलंबून आहे. तरीही माझा कल सांगतो. ठाण्यात पाचपाखाडीला त्वचारोग व गुप्तरोगांची प्रॅक्टिस करताना मला बावीस वर्षे झाली. 'अ‍ॅसायक्लोव्हिर लागू पडत नाही' ही तक्रार मी दर महिन्याला ऐकतो. पण प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केलेला खरा औषधप्रतिकार मी तीनच रुग्णांत पाहिला आहे, आणि त्या तिघांचीही प्रतिकारशक्ती या ना त्या कारणाने खालावलेली होती.

असे का, हे समजण्यासाठी औषध काम कसे करते ते पाहावे लागेल. अ‍ॅसायक्लोव्हिर हे पोटात जाताना निष्क्रिय असते. त्याला पहिला फॉस्फेट जोडण्याचे काम आपल्या पेशी जवळजवळ करत नाहीत. ते विषाणूचे स्वतःचे थायमिडीन कायनेज नावाचे विकर करते. पुढचे दोन फॉस्फेट आपल्या पेशी जोडतात, आणि मग तयार झालेला रेणू विषाणूच्या डीएनएच्या साखळीत कडी म्हणून बसतो. पण त्या कडीला पुढची कडी अडकवायला जागाच नसल्याने साखळी तिथेच खुंटते. म्हणजे चोराच्याच हाताने कुलूप लावून घेण्याचा हा प्रकार आहे, आणि म्हणूनच निरोगी पेशींना या औषधाचा त्रास इतका कमी होतो. ज्यांच्या प्रयोगशाळेतून हे औषध पुढे आले त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते औषधे शोधण्याच्या याच विचारपद्धतीसाठी.

आता विषाणूला यातून सुटायचे असेल तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ते विकर बनवणेच सोडून द्यायचे. प्रतिकार करणाऱ्या विषाणूंपैकी सुमारे ९५ टक्क्यांत थायमिडीन कायनेजमध्येच बिघाड सापडतो. उरलेल्या थोड्यांत डीएनए पॉलिमरेज या दुसऱ्या विकरात बदल असतो. असे बिघडलेले विषाणू औषधामुळे नव्याने जन्माला येतात असेही नाही. औषधाचा कणही न घेतलेल्या माणसाच्या फोडात, दर दहा हजार विषाणूंमागे काही मोजके विषाणू मुळातच तसे असतात. परंतु विकर गमावलेल्या विषाणूला त्याची किंमत मोजावी लागते: मज्जातंतूंच्या गाठींमधून पुन्हा जागे होण्याची त्याची क्षमता बरीच घटते. धडधाकट माणसात औषधातून निसटलेल्या या मूठभर विषाणूंचा निकाल प्रतिकारशक्ती लावते, आणि पुढच्या खेपेला गाठीतून जो विषाणू वर येतो तो बहुधा मूळचा, औषधाला दाद देणाराच असतो. म्हणूनच १९८० च्या दशकापासून जगभर हे औषध भरमसाठ वापरले गेले, तरी प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या रुग्णांत औषधप्रतिकाराचे प्रमाण १ टक्क्याच्या खालीच राहिले आहे. प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांत ते साधारण ४ ते १० टक्के, आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्यांत त्याहूनही जास्त आढळते. डोळ्याच्या बुबुळावरील हर्पिस हा एक अपवाद म्हणावा लागेल, कारण तिथे प्रतिकारशक्तीचा पहारा मुळातच सैल असतो. पण तो तुमचा विषय नाही.

लोकांच्या मनात औषधप्रतिकाराची भीती इतकी पक्की का बसली आहे, हे मला कळते. क्षयरोगात अर्धवट औषधांमुळे जंतू निर्ढावतात हे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत, आणि गेल्या दहा वर्षांत नायट्याच्या बुरशीने टर्बिनाफिनला जुमानणे सोडल्याचे तर माझ्या ओपीडीत रोज दिसते. तो अनुभव खरा आहे. फक्त तो हर्पिसला जसाच्या तसा लावता येत नाही. तुमच्या दोन-चार गोळ्या चुकल्या असतील तर त्या खेपेला गुण कमी आला असेल, परंतु त्यामुळे विषाणू निर्ढावला असे समजण्याचे कारण नाही.

आयजीजीच्या अहवालाचा मुद्दा लगेच बाजूला काढू. आयजीजी म्हणजे या विषाणूशी तुमच्या शरीराची कधीतरी गाठ पडल्याची नोंद. ती नोंद आयुष्यभर राहते आणि तिचा आकडा वरखाली होत असतो. त्यावरून आजाराची तीव्रता कळत नाही, औषधाचा परिणाम तर मुळीच कळत नाही. हा आकडा दर सहा महिन्यांनी तपासून घेणारे आणि वाढला म्हणून झोप उडालेले रुग्ण मला भेटतात. ते पैसे गोळ्यांसाठी ठेवलेले बरे.

मग औषधाचा गुण कमी का झाला? माझ्या अनुभवात पहिले कारण वेळेचे असते. पुन्हा उठणाऱ्या हर्पिसमध्ये विषाणूची वाढ पहिल्या एक-दोन दिवसांतच शिगेला पोहोचते. त्यानंतर दिसतो तो मुख्यतः जखम भरून येण्याचा काळ. त्या जागी चुणचुण, मांडीत किंवा कुल्ल्यात ठणका, मुंग्या अशी पूर्वसूचना मिळताच, निदान फोड दिसल्यापासून २४ तासांच्या आत गोळी पोटात गेली तर उपयोग दिसतो. तिसऱ्या दिवशी सुरू केलेली गोळी जवळजवळ प्रेक्षकाचे काम करते, आणि आजार आपल्या गतीने सात-दहा दिवसांत बरा होतो. तुमच्याच लिहिण्यानुसार पहाटे पाळी संपते, सकाळी दुकान उघडलेले नसते, मग झोप, मग संध्याकाळी पुन्हा कंपनीची बस. म्हणजे गोळ्या हातात पडेपर्यंत दीड-दोन दिवस सहज जातात. त्यातच तोंडावाटे घेतलेल्या अ‍ॅसायक्लोव्हिरचा जेमतेम १५ ते २० टक्के भाग रक्तात पोहोचतो आणि दर तीन तासांनी तो निम्म्यावर येतो. रात्रपाळीच्या माणसाची दुपारची गोळी झोपेत बुडते, आणि तीनदा घ्यायचे औषध प्रत्यक्षात दोनदाच घेतले जाते.

व्हॅलासायक्लोव्हिरची सूचना इथे अर्धी बरोबर आणि अर्धी चूक ठरते. ते शरीरात गेल्यावर अ‍ॅसायक्लोव्हिरच होते; फक्त निम्म्याहून थोडा जास्त भाग रक्तात पोहोचत असल्याने ते दिवसातून दोनदा घेतले तरी पुरते. अडचण वेळापत्रकाची असेल तर हा बदल फायद्याचा आहे, आणि तुमच्या पाळ्या पाहता मी स्वतःही तोच करीन. परंतु विषाणू खरोखर अ‍ॅसायक्लोव्हिरला दाद देत नसेल, तर व्हॅलासायक्लोव्हिरला तो देणे शक्यच नाही. आणि फॅमसायक्लोव्हिरही त्याच थायमिडीन कायनेजवर अवलंबून असल्याने बहुतेक वेळा तेही निरुपयोगी ठरते. म्हणजे नवी गोळी घेऊन गुण आला, तर विषाणू सरावलेला नव्हता हेच सिद्ध होते. मेडिकलवाल्यांचा तर्क त्यांच्याच सल्ल्याने मोडीत निघतो.

आता तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट, जी तुम्ही कंसात लिहून सोडून दिली आहे: 'रात्रपाळीत बाहेरचे खाऊन पोट बिघडते, हल्ली त्यानंतरच हे उठते, बहुधा अशक्तपणामुळे.' पोट बिघडल्यावर तुम्ही काय घेता ते लिहिलेले नाही. पण आपल्याकडे जुलाब लागले की लोक स्वतःहून ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेली गोळी घेतात, हे सर्वांना माहीत आहे. ही दोन्ही औषधे, तशीच मेट्रोनिडाझोल, सल्फाची औषधे आणि काही वेदनाशामके, काही माणसांत एक विशिष्ट प्रकारची अ‍ॅलर्जी निर्माण करतात. तिला आम्ही फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतो. तिचे वैशिष्ट्य असे की ते औषध जेव्हा जेव्हा पोटात जाते तेव्हा तेव्हा, काही तासांपासून एक-दोन दिवसांच्या आत, शरीरावरच्या नेमक्या त्याच जागी चट्टा उठतो. ओठ आणि शिश्नाचे टोक या तिच्या आवडत्या जागा. आग होते, फोड येतो, साल निघून जखम होते, आठ-दहा दिवसांत भरते आणि मागे काळपट, राखाडी डाग राहतो. पुन्हापुन्हा, त्याच जागी, फोड आणि जखम: ऐकताना हे हर्पिसचेच वर्णन वाटते, आणि अ‍ॅसायक्लोव्हिरचा त्यावर अर्थातच शून्य उपयोग होतो.

काही वर्षांपूर्वी ऐरोलीचे एक गृहस्थ 'रेझिस्टंट हर्पिस' अशी चिठ्ठी घेऊन आले होते. तीन डॉक्टर झाले होते, शेवटी रोज दोन ग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर चालू होते, आणि तरीही दर दोन महिन्यांनी जखम होतच होती. डाग गोल, एकच, जांभळट काळा होता. हर्पिसमध्ये बारीक फोडांचा पुंजका असतो आणि जागा थोडीफार सरकते. इथे ती सुतभरही सरकत नव्हती. खोदून विचारल्यावर कळले की ते ठाणे-वाशी लोकलने फिरतीच्या कामाला जातात, जेवणाचे हाल होतात आणि बॅगेत जुलाबाच्या गोळ्यांची पट्टी कायम असते. ती पट्टी बंद झाली आणि आजारही बंद झाला. तुमचे तसेच आहे असा माझा दावा नाही. चार वर्षांपूर्वीचे वर्णन हर्पिसचेच आहे, आणि आपल्या वर्णाच्या त्वचेवर कोणत्याही जखमेनंतर थोडा काळा डाग राहू शकतो. पण एकाच माणसाला दोन्ही आजार असू शकतात, आणि आधीच्या खेपा चार-पाच दिवसांच्या व शेवटच्या दोन बारा दिवसांच्या, हा फरक मला विषाणूतल्या बदलापेक्षा आजारातल्या बदलाचा अधिक वाटतो.

आणखी एक चौकशी. जखम सुकत नाही म्हणून तुम्ही एखादे मलम लावले का? खाज, नायटा, फोड अशा सगळ्यांवर चालणारे म्हणून जे मिश्र मलम दुकानात सहज मिळते, त्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड असते. ते लावले की लाली उतरते, बरे वाटते, आणि त्या जागेची प्रतिकारशक्ती दबून विषाणूला मोकळे रान मिळते. आजार लांबण्याचे हे पुरेसे कारण आहे. अ‍ॅसायक्लोव्हिरचे मलमही गोळी घेत असताना लावून फारसा फायदा होत नाही.

खरा औषधप्रतिकार कसा दिसतो, हेही सांगायला हवे, म्हणजे तुलना करता येईल. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या पन्नाशीच्या एक बाई माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या कुल्ल्यावरची जखम दोन महिने भरत नव्हती. उलट कडा उंचावून ती पसरत चालली होती. गोळ्या पूर्ण मात्रेत, वेळेवर, घरच्यांच्या देखरेखीखाली चालू होत्या. मात्रा वाढवली, शिरेतून अ‍ॅसायक्लोव्हिर दिले, तरी फरक पडला नाही. जखमेचा नमुना संदर्भ प्रयोगशाळेत पाठवला, तिथे विषाणू वाढवून औषधाच्या वाढत्या मात्रांत त्याची वाढ कुठे थांबते हे पाहिले गेले, आणि औषधप्रतिकार सिद्ध झाला. अशा वेळी फॉस्कार्नेट द्यावे लागते. त्याला विषाणूच्या थायमिडीन कायनेजची गरज नसते, ते सरळ पॉलिमरेजवर घाव घालते. पण ते शिरेतूनच, रुग्णालयात ठेवून द्यायचे औषध आहे, मूत्रपिंडाला इजा करते आणि रक्तातील कॅल्शियम-मॅग्नेशियम खाली आणते. प्रत्यारोपित मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते द्यायचे म्हणजे काय पेच असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता. त्याच्यानंतरचा पर्याय सिडोफोव्हिर, तोही मूत्रपिंडाला तितकाच जड. बाईंच्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची मात्रा त्यांच्या तज्ज्ञांनी बेताने कमी केली, फॉस्कार्नेट दिले गेले आणि पाच आठवड्यांत जखम भरली. पुढच्या वर्षी त्याच भागात पुन्हा फोड उठले, ते मात्र साध्या गोळ्यांनी बसले. गाठीतून आलेला तो मूळचा विषाणू होता.

तुमची जखम बारा दिवसांत का होईना, पूर्ण भरली. खऱ्या औषधप्रतिकारात ती आठवडेच्या आठवडे भरत नाही. तरीही प्रतिकारशक्तीचा प्रश्न गृहीत धरून सोडू नये. एचआयव्हीची आणि सिफिलिसची तपासणी झाली आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही. झाली नसेल तर ती आधी करून घ्या. शासकीय रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गोपनीय होते, आणि १०९७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर जवळच्या केंद्राची माहिती मिळते. सोबत रक्तातील साखर आणि क्रिएटिनिन पाहावे, कारण हे औषध मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी कधी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

तपासण्या ठीक आल्या आणि निदान हर्पिसचेच ठरले, तर वर्षाला सहा-सात खेपांसाठी मी दर वेळच्या पाच दिवसांच्या कोर्सऐवजी रोजची प्रतिबंधक गोळी सुचवीन. सर्वसाधारणपणे अ‍ॅसायक्लोव्हिर ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम एकदा दिले जाते. खेपांचे प्रमाण त्याने ७० ते ८० टक्क्यांनी घटते. रोज घेतल्याने विषाणू सरावेल, ही भीती इथेही आड येऊ देऊ नका; वर्षानुवर्षे हे औषध घेणाऱ्या निरोगी रुग्णांत प्रतिकार वाढल्याचे दिसलेले नाही. वर्षभराने थांबवून पाहावे, कारण काळानुसार खेपा आपोआपही कमी होतात.

लग्नाच्या दृष्टीनेही हाच मार्ग मला योग्य वाटतो. जोडीदारांपैकी एकालाच हर्पिसच्या दोन प्रकारांपैकी दुसरा (एचएसव्ही-२, बहुधा जननेंद्रियांवर होणारा) असलेल्या सुमारे १५०० जोडप्यांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात रोज व्हॅलासायक्लोव्हिर घेतल्याने जोडीदाराला संसर्ग होण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. उरलेल्या निम्म्यासाठी निरोध आणि खेप चालू असताना संबंध टाळणे हे उपाय आहेत. होणाऱ्या पत्नीला लग्नाआधी सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हवे तर दोघे मिळून डॉक्टरांसमोर बसा. पुढे गर्भारपणात प्रसूतीच्या डॉक्टरांनाही हे माहीत असणे बाळाच्या दृष्टीने आवश्यक असते.

तूर्त एवढे करा. जुन्या चिठ्ठीवर गोळ्या आणणे थांबवा आणि पुढच्या वेळी उठेल तेव्हा, पहिल्या ४८ तासांत, काहीही लावण्यापूर्वी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ओल्या फोडाच्या बुडातून घेतलेल्या नमुन्याची पीसीआर तपासणी मोठ्या खासगी प्रयोगशाळांत होते आणि प्रकार पहिला की दुसरा तेही सांगते. खपली धरल्यावर घेतलेला नमुना मात्र फसवा नकारात्मक येऊ शकतो. रजा मिळाली नाही तर निदान तारखेसह फोटो काढून ठेवा. आणि जाताना, त्याआधीच्या दोन दिवसांत जी जी गोळी पोटात गेली असेल, तिची रिकामी पट्टी खिशात असू द्या. पोटासाठी घेतलेलीही.